झाकलेल्या तलावातलं पाणी

२७ सप्टेंबर, शनिवार

आजपासून पत्रपेटीवर माझंही नाव आलं. लॉरेटानं स्वतः स्टुलावर बसून, जीभ दातांत धरून, पांढऱ्या रंगानं 'हॉलिस' लिहिलं. शेवटचं अक्षर जरा घसरलं. ती म्हणाली, असू दे, तूही थोडा वाकडाच आहेस. दोघांचंही हे दुसरं लग्न, आणि या वयात कुणी आपल्याला थट्टेनं वाकडा म्हणावं, हे सुख मला नवीन आहे.

माझं सगळं सामान एका गाडीत मावलं. उभा जन्म बुटांच्या दुकानात लोकांच्या पायांशी बसून काढला, त्यामुळे हत्यारांची पेटी अशी माझ्याकडे नाहीच. इथं मात्र गॅरेजच्या भिंतीवर क्लेटनची, म्हणजे तिच्या पहिल्या नवऱ्याची, हत्यारं अजून ओळीनं टांगलेली आहेत. प्रत्येकाभोवती पेन्सिलीनं आकार काढून ठेवलाय. माझी छत्री कुठं अडकवावी, तेच कळेना.

मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव. क्लेटननं भाड्याचं यंत्र आणून स्वतः खणलेला. लॉरेटा मे महिन्यापासून रोज सकाळी त्यात पोहते. आज या मोसमातलं शेवटचं पोहणं म्हणून उतरली. गावाजवळच्या सरोवराकडून गार वारा येत होता, तरी पाण्यातून हाका मारत होती, ये की रे, लाजतोस काय? मी म्हणालो, माझा कान दुखतो. खरं म्हणजे मला पोहता येत नाही. सांगेन केव्हातरी.

रात्री मक्याचा पाव आणि घेवड्याचं सूप. छान झोप येणार आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

शेजारचा ड्वेन आला होता. टायरच्या कारखान्यात होता, आता निवृत्त. दाराएवढा रुंद माणूस. क्लेटनचा जिगरी दोस्त. दरवर्षी थंडीआधी तलाव झाकायचं काम हे दोघं करायचे, क्लेटन गेल्यावर एकटा ड्वेन करतो. आल्या आल्या म्हणाला, "काय नवरदेव, तलाव कधी झाकायचा?"

लॉरेटा समोर उभी होती. माझ्या तोंडून निघून गेलं, की यंदा मी झाकीन. ड्वेननं माझ्या हातांकडे पाहिलं. म्हणाला, "बुटांची नाडी बांधण्याइतकं सोपं नाही हो ते." मी हसलो आणि म्हणालो, माझ्या भावाकडे तलाव होता, मी कैक वेळा केलंय. मला भाऊच नाही.

ड्वेन गेल्यावर लॉरेटानं माझ्या गालाची पापी घेतली. म्हणाली, बरं झालं, त्याच्यावर किती दिवस विसंबायचं. तिचा चेहरा इतका खुलला होता की खरं सांगायची वेळ तिथंच निघून गेली.

११ ऑक्टोबर, शनिवार

झाकला! सगळं वाचून, समजून घेऊन केलं. भिंतीत वर एक चौकोनी तोंड असतं, त्यातून पाणी गाळणीकडे जातं. त्याच्या खाली वीतभर येईपर्यंत पाणी उतरवलं. नळांत हवा मारून ते कोरडे केले. जिथून गाळलेलं पाणी परत येतं त्या भोकांत रबरी बुचं बसवली. पाण्याला शेवाळ धरू नये म्हणून क्लोरीनचं औषध टाकलं. मग भली मोठी हिरवी ताडपत्री पसरून कडेनं पाण्यानं भरलेल्या लांब पिशव्या मांडल्या. वर साचणारं पावसाचं पाणी काढायला ताडपत्रीवर छोटा पंप ठेवला. आतल्या अस्तरावर, पाणी होतं तिथं, आठवणीसाठी काळी पट्टी चिकटवून ठेवली.

एक बूच काही केल्या पूर्ण बसेना. अंगठ्यानं दाबलं, दाबलं, मग सोडून दिलं. बसलं असावं.

लॉरेटानं कुंपणापलीकडच्या ड्वेनला ओरडून सांगितलं, बघ, माझ्या नवऱ्याचं काम! त्यानं टोपीला हात लावला. आज मला या घरात पहिल्यांदा आपल्या पायांवर उभं असल्यासारखं वाटलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

चर्चहून आलो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर ताडपत्री झोळीसारखी खाली गेलेली. लॉरेटा कपडे बदलायला वर गेली होती, तेवढ्यात बाहेर जाऊन एक कोपरा उचलला. माझी काळी पट्टी कोरडी. पाणी तिच्या खाली हातभर.

ते बूच. दुसरं काय असणार.

जेवताना लॉरेटा म्हणाली, ताडपत्री जरा सैल वाटते का रे? मी म्हणालो, गारठ्यानं आकसते नि ढिली पडते. असं काही नसतं, पण तिनं मान डोलावली आणि बटाटे वाढले.

२० ऑक्टोबर, सोमवार

ती केस कापायला गेली तेव्हा तळघरातल्या धुण्याच्या टाकीच्या नळाला पाइप लावून खिडकीतून तलावापर्यंत नेला. बाहेरचा नळ ड्वेनच्या घरातून दिसतो. पाणी पट्टीपर्यंत चढवलं. ताडपत्री पुन्हा ताठ झाली. पाइप धुण्याच्या यंत्रामागं ढकलून दिला.

साठी उलटलेला माणूस शाळकरी पोरासारखा पुरावा लपवतोय. यंत्रामागं वाकलेलं माझंच ढुंगण मला दिसत होतं. हसू आलं, पण चांगलं हसू नव्हतं ते.

२६ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा उतरलं. यावेळी शेजारच्या गावातल्या तलावाच्या दुकानात गेलो, कारण इथला दुकानदार ड्वेनचा मासेमारीचा सोबती. नाव विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. का, ते मलाही माहीत नाही. पाणी गळणं हा काही गुन्हा नाही.

दुकानदार भला माणूस. म्हणाला, आधी ताडपत्री बघ. पाऊस काढायला तिच्यावर पंप ठेवला असेल आणि ताडपत्रीला भोक असेल, तर तो पंप तलावच उपसत बसतो. पंप बंद करून बघ. तरी उतरलं तर घाबरू नकोस, उतरू दे. पाणी जिथं थांबेल तिथं भोक. परतीच्या भोकांपाशी थांबलं तर तिथं, दिव्यापाशी थांबलं तर दिव्याच्या मागं, तळाला गेलं तर तळाच्या जाळीत. पाणी स्वतः सांगतं.

पंप बंद केला. लॉरेटानं विचारलं, तुझ्या हाताला औषधाचा वास का येतोय? बाथरूम घासलं, म्हणालो. मग खरंच जाऊन बाथरूम घासलं.

२ नोव्हेंबर, रविवार

पंप निर्दोष. पाणी उतरतंच आहे. परतीच्या भोकांच्याही खाली गेलं. म्हणजे माझं बूच निर्दोष! पालथा पडून, ताडपत्रीखाली डोकं घालून पाहिलं, बूच घट्ट बसलेलं आहे. क्षणभर इतका आनंद झाला की ड्वेनला हाक मारावीशी वाटली. पण मग तो म्हणाला असता, मागच्या आठवड्यात का नाही बोललास?

दुपारी लॉरेटाच्या मैत्रिणी येणार होत्या. पुन्हा भरलं.

लॉरेटाला खोकला झालाय. अंगठी निघत नाही म्हणते, बोटं सुजलीत. साबण लावून काढून दिली. हात गार आणि मऊ, बोटांची टोकं सुरकुतलेली, खूप वेळ भांडी घासल्यावर होतात तशी. भांडी तर मी घासली होती.

८ नोव्हेंबर, शनिवार

चर्चच्या तळघरात सामुदायिक जेवण. लॉरेटानं सगळ्यांना सांगितलं की हॉलिसनं तलाव इतका नीट झाकलाय की क्लेटनलाही जमलं नसतं. टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे पाहून हसले. ड्वेन हसला नाही. त्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पाणी टिकून आहे ना रे?"

मी म्हणालो, थेंबभर हललं नाही.

त्यानं माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. म्हणाला, "हललं तर मला सांग. तू काही करू नकोस. आधी मला सांग." मला त्याचा राग आला. मेलेल्या दोस्ताची जागा राखतोय, असं वाटलं.

पायऱ्या चढताना लॉरेटा दोनदा थांबली. छातीत काहीतरी हिंदकळतं म्हणते. जास्त खाल्लं, म्हणाली, आणि हसली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिव्याच्याही खाली गेलं. तळघर पाहिलं, खडखडीत कोरडं. अंगणात कुठं ओल नाही. ड्वेनच्या बाजूची माती कोरडी. इतकं पाणी जमिनीत जातंय तर जमीन तरी भिजायला हवी.

भरलं.

लॉरेटा वजनकाट्यावर उभी राहिली आणि म्हणाली, काटा बिघडलाय. मी उभा राहून पाहिलं. बिघडलेला नाही. चेहरा मात्र तिचा बारीक झालाय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज रंगाची परीक्षा केली. दुकानदारानंच सांगितली होती. पाणी स्थिर असताना संशयाच्या जागेपाशी पिचकारीतून रंगाचे थेंब सोडायचे. भोक असलं की रंग धाग्यासारखा तिकडे ओढला जातो. लॉरेटाच्या मुलीनं, पाउलानं, उन्हाळ्यात केकसाठी आणलेल्या निळ्या रंगाची बाटली कपाटात होती. लॉरेटा दुपारची झोपली होती. मी काठावर पालथा पडलो, डोकं नि हात ताडपत्रीखाली, दुसऱ्या हातात विजेरी.

दिव्यापाशी सोडला. रंग भिंतीकडे गेला नाही. परतीच्या भोकापाशी, कोपऱ्यात, अस्तराच्या जोडावर, कुठंच भिंतीकडे गेला नाही. प्रत्येक वेळी निळा धागा भिंतीपासून दूर, पाण्याच्या मधोमध निघाला. सगळे धागे एका दिशेला. घराच्या दिशेला. आणि वाटेतच, जिथं भिंत नाही, तळ नाही, नुसतं पाणी आहे, तिथं विरून गेले. विरले म्हणजे पसरले नाहीत. संपले.

मी पूर्ण बाटली ओतली. बघता बघता पाणी पुन्हा स्वच्छ झालं.

माझ्या हातून काहीतरी चुकलं असणार. मला या गोष्टी येतच नाहीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नाश्त्याला लॉरेटाला खोकल्याची उबळ आली. रुमाल तोंडाला धरला. काढला तेव्हा तो निळा होता.

केकच्या वरच्या साखरेचा असतो तसा निळा. ती रुमालाकडे बघत राहिली. म्हणाली, "अगंबाई, हे काय? मी शाई प्यायले की काय?" मग माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी सांगावं म्हणून.

मी म्हणालो, खोकल्याच्या गोळ्या निळ्या आहेत ना, त्यांचा रंग असेल.

तिला पटलं. माझ्यावर तिचा इतका विश्वास आहे. मी रुमाल धुवायला घेतला आणि तळघरात जाऊन नाकाशी धरला. तलावाचा वास येत होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

हे लिहायची लाज वाटते, म्हणूनच लिहितोय.

पाउला दुपारी भेटायला येणार होती. सकाळी ताडपत्री तळाला टेकल्यासारखी दिसत होती. पाउला मला अजून नीट ओळखत नाही. आईनं कुठला गबाळा उचलून आणला, असं तिला वाटतंच. आणि अंगणातला तिच्या बापाचा तलाव असा.

काल निळं पाहिलं होतं. तरी आज मी नळ सोडला. रंगाचं काहीतरी दुसरं कारण असेल, असं स्वतःला सांगत सोडला. काठोकाठ भरलं.

पाउला आली, तलावाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. आईची सुजलेली पावलं पाहिली आणि मला म्हणाली, "तुम्ही इथं असता ना दिवसभर? तुम्हाला दिसत नाही?"

१७ नोव्हेंबर, सोमवार

इस्पितळ. पहाटे तिला श्वास घेता येईना. घशात गुळगुळ वाजत होतं. उशी चिंब. डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय, म्हणून फुप्फुसांभोवती पाणी साठलं. सुईनं काढलं. डबा भरला, दुसरा लावला. एक परिचारिका वास घेऊन थट्टेनं म्हणाली, आजी, पोहायला गेला होता की काय?

लॉरेटा हसली. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

डॉक्टरनी विचारलं, घरी काही वेगळं घडलंय का. मी म्हणालो, नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ड्वेन आला. हरणाचे सॉसेज घेऊन आला होता, पिशवी हातातच धरून गॅरेजमध्ये बसला. म्हणाला, "पाणी उतरतंय. मला माहीत आहे. तू तळघरातून भरतोस. खिडकीखालचं गवत आडवं झालंय."

माझी कानशिलं तापली.

मग त्यानं सांगितलं. क्लेटन आजारी पडला त्या हिवाळ्यात ताडपत्री अशीच खाली गेली. क्लेटन खिडकीपाशी पलंगावर, नजर सारखी तलावावर. त्याला वाईट वाटू नये म्हणून ड्वेन कुंपणावरून आपला पाइप टाकून पाणी भरत राहिला. कुणाला न सांगता. तो भरत गेला, क्लेटन फुगत गेला. नाताळाच्या आधी गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. ड्वेननं त्याला उचलायला हात लावला, तेव्हा क्लेटनच्या तोंडातून पाणी आलं. नितळ पाणी, औषधाच्या वासाचं. त्याच दिवसापासून तलावातलं पाणी उतरायचं थांबलं. भोक कधी सापडलंच नाही.

मी विचारलं, लॉरेटाला का नाही सांगितलंस?

तो म्हणाला, "काय सांगू? तुझ्या नवऱ्याला मी पाणी पाजून मारलं?" आणि दाराएवढा तो माणूस पिशवी मांडीवर घेऊन रडला. क्लेटन आणि लॉरेटा दोघंच का, त्या पाण्यात वर्षानुवर्षं पोहलेलीच का, त्याला ठाऊक नाही. एवढंच म्हणाला, की तलाव उपसून टाकू, आजच, मी पंप आणतो. थंडीत रिकामा केला तर भिंती आत कोसळतील. कोसळू देत.

मी म्हणालो, तलाव तिचा आहे. तिला विचारल्याशिवाय नको.

हे मी तिच्यासाठी म्हणालो नाही. कोसळलेला तलाव पाहून ती पहिला प्रश्न विचारील, कधीपासून गळत होता, आणि मग मला सगळं कबूल करावं लागेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ती इस्पितळात आहे तोवर पाणी जागचं हललेलं नाही. नवी पट्टी लावली होती, तिच्या खाली बोटभरही गेलं नाही. आणि ती तिकडे सुधारतेय. गालांवर रंग आलाय. अंगठी पुन्हा बोटात गेली.

म्हणजे तिनं इथं येता कामा नये. एवढं साधं वाक्य आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बोलायचं ठरवून गेलो. गाडीत घोकत गेलो. ती पलंगावर केस विंचरत होती, म्हणाली, "थँक्सगिव्हिंगला मला घरी ने. आपलं पहिलंच आहे. टर्की मी तुला सांगेन तशी तू कर, जळली तर जळली."

मी म्हणालो, इथं राहिलीस तर बरं, अजून थोडे दिवस.

का, म्हणाली.

मी तिचे पाय चोळत बसलो. आयुष्यभर तेच केलं, लोकांच्या पायांशी बसून खाली बघत राहिलो. तिनं माझं डोकं कुरवाळलं. मग डॉक्टर आले आणि त्यांनी बुधवारी घरी सोडायचं सांगितलं. मी त्यांचे आभार मानले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

घरी आली. ड्वेन कुंपणापाशी पंप घेऊन उभा होता. मी हातानं खूण केली, थांब. नंतर जाऊन म्हटलं, उद्याचा सण होऊ दे, शुक्रवारी उपसू. तो म्हणाला, "हॉलिस, तू माझ्यापेक्षा मूर्ख आहेस." मग म्हणाला, उद्या जेवायला येतो तेव्हा तू सांगितलं नसशील तर मी सांगेन. दोन्ही, माझंही आणि तुझंही.

संध्याकाळी पट्टी पाहिली. पुन्हा उतरायला लागलंय.

मी भरलं नाही. हे तरी केलं नाही.

२७ नोव्हेंबर, दुपार

टर्की भट्टीत आहे. सकाळी क्रॅनबेरी आणायला गेलो होतो, दुकानात सणाची ही गर्दी, यायला उशीर झाला. आलो तर ती वर पडलेली. दमले, म्हणाली. ओठ जरा निळसर. आवाज जड, घोट अडकल्यासारखा.

डॉक्टरना फोन लावला, सुट्टी, कुणी उचलत नाही. ड्वेन यायच्या आत मीच सांगणार. तिला परत इस्पितळात नेणार. आत्ता वर जातोय.

नंतर

फोनवरची रुग्णवाहिकेची बाई म्हणाली, गाडी निघालीय, तिच्याजवळच बसा. श्वास कसा चाललाय, काय काय होतंय, ते लिहीत राहा, डॉक्टरना लागेल. हातात हीच वही होती.

बसवून ठेवलंय, मागं उशा. श्वास तोकडा. खोकल्याबरोबर पाणी. निळं नाही, साधं.

मी सांगितलं तिला. सगळं. भाऊ नाही, पोहता येत नाही, पाणी, पाइप, रंग, रुमाल. क्लेटनचंही. ती हसली.

तिला माहीत होतं. पाण्याचं आणि पाइपचं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. केस कापून लवकर आली होती, तिनं मला यंत्रामागं वाकलेलं पाहिलं. बोलली नाही. तुला लाज वाटली असती, म्हणाली. मी बाहेर गेलो की तीसुद्धा भरायची. त्याच पाइपनं. पाणी टिकलंय असं मला वाटावं, म्हणून.

दोघंही भरत होतो.

बोलायला त्रास होतोय. नको बोलूस म्हणालो. तरी बोलली. आज सकाळी मी क्रॅनबेरीला गेलो तेव्हा— ताडपत्री पार खाली दिसली— जेवायला ड्वेन येणार, तो तुला हसेल— म्हणून सकाळपासून नळ—

धावत गेलो खाली. नळ सोडलेला. पाइप खिडकीतून बाहेर. फिरवला, जोर लावून फिरवला. बाहेर जाऊन ताडपत्री उचलली.

तलावात पाणी नाही. सकाळपासून नळ चालू आणि तळाची जाळी कोरडी. पाइपच्या तोंडातून धार पडत होती, पाइपातलं उरलंसुरलं असेल. जमिनीला टेकत नव्हती. मध्येच संपत होती. घराच्या दिशेला.

उशा भिजल्या. श्वास— वर वर. पोट नगाऱ्यासारखं. हात माझ्या हातात आहे.

ड्वेन आला. अंगणात उभा राहून हाका मारतोय. ती खिडकीकडे बोट दाखवतेय. पडदा लाव म्हणते. त्यानं मला असं रडताना बघू नये म्हणून.

लावला.

आता बोलत नाही. डोळे उघडे. माझ्याकडेच.

गाडीचा आवाज नाही अजून.

पाण्याचा येतोय. खालून. तळघरातून. पाण्याचाच आहे. पण मी नळ बंद केला. धावत गेलो, दोन्ही हातांनी धरला, फिरवला, अगदी शेवटपर्यंत— उजवीकडे. उजवीकडेच ना— की डावी